बाई, अन्न आणि तपासनीस

(मेहरूण, जळगाव इथे बचत गटांतल्या आणि हातगाडीवर खाद्यपदार्थ विकणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तलावाच्या बाजूने चालत इथवर आले. वाटेत गच्च्यांवर, खाटांवर, जुन्या साड्यांवर बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया वाळत घातलेल्या दिसल्या. आपल्या खान्देशात उन्हाळा असाच सुरू होतो. आई, काकू, शेजारणी सगळ्या मिळून वाळवणं करायच्या, आणि ते घरापुरतं असायचं. आज त्यातलं बरंचसं विकायला असतं. कोणी पापड विकते, कोणी खापरावरचे मांडे करून देते, कोणी हिवाळ्यात भरीत-पुरीचा गाडा लावते, कोणी एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पोचवते.

हात तेच, पाटा तोच, चूल तीच. पण पापड विकायला काढला की कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘अन्न व्यावसायिक’ होता. गंमत बघा. वीस-पंचवीस वर्षं घरात रांधणाऱ्या बाईला नवऱ्याने, सासूने, जनगणनेला आलेल्या माणसाने कधी ‘व्यावसायिक’ म्हटलं नाही. ‘काय करता?’ तर ‘काही नाही, घरीच असते.’ तुम्हाला व्यावसायिक पहिल्यांदा म्हणतो तो तपासनीस! आणि त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो.

आज मला त्या गोळ्याविषयी बोलायचं आहे. कायद्याचं व्याख्यान द्यायला मी आले नाही. पण कायदा थोडा समजला तर गोळा बराच कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

कोण आला होता?

दुसऱ्या एका शहरातली गोष्ट सांगते. एक मावशी बसथांब्याजवळ भजी तळायच्या. दर महिन्याला एक माणूस यायचा. ‘आरोग्य खात्यातून आलोय’ म्हणायचा, पुडीभर भजी आणि दोनशे रुपये घेऊन जायचा. असं चार वर्षं चाललं. एकदा आमच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, ‘मावशी, तो कोणत्या खात्याचा? त्याचं नाव काय? पावती देतो का?’ मावशी म्हणाल्या, ‘ताई, एवढं विचारलं असतं तर त्याने गाडीच उचलली असती.’ तो खरंच कोणत्या खात्याचा होता की रस्त्यावरचा कोणी होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून पहिला धडा. ‘सरकारी माणूस’ असा एकच माणूस नसतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाईकडे वेगवेगळ्या खात्यांची माणसं येतात आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा असतो.

अन्न शुद्ध आहे की नाही, त्यात भेसळ आहे का, तुमची नोंदणी आहे का, हे बघण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे राज्य सरकारचा माणूस असतो. महानगरपालिकेचा नसतो. जिल्ह्याला त्यांचे वरिष्ठ म्हणजे सहायक आयुक्त (अन्न).

महानगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक वेगळे. कचरा कुठे टाकता, सांडपाणी कुठे सोडता, मटण-मासळीचा बाजार स्वच्छ आहे का, बंदी असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरता का, हे ते बघतात. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाल्या, म्हणजे १९४९ चा महानगरपालिका अधिनियम त्यांना लागू झाला. त्यात या खात्याचे अधिकार आहेत आणि कर्तव्यंही आहेत. कर्तव्यांकडे मी नंतर येते.

तिसरा अतिक्रमण विभागाचा माणूस. त्याचा संबंध जागेशी. तुमच्या भज्यांशी त्याला काही देणंघेणं नाही. चौथा वाहतुकीचा पोलीस.

तेव्हा जो कोणी येईल त्याला तीन प्रश्न विचारायचे. आपण कोणत्या खात्याचे? आपलं ओळखपत्र दाखवता का? जे घेताय किंवा सांगताय ते लिहून देता का? आवाज चढवायची गरज नाही. ‘साहेब, जरा नाव सांगा, आमच्या गटाच्या वहीत लिहायचंय’ एवढंच म्हणायचं. वहीचं नाव काढलं की खोटा माणूस बहुधा पुन्हा येत नाही.

कायदा काय म्हणतो

पूर्वी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. तो मुख्यतः फौजदारी होता. नमुना नापास झाला की खटला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर भेसळीला साधारणपणे किमान सहा महिन्यांची कैद. त्यानंतर २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला आणि त्याचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. आज जे काही चालतं ते या कायद्याखाली.

या कायद्याने लहान आणि मोठा असा फरक केला आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. कलम ३१ म्हणतं की अन्नाचा धंदा करायला परवाना लागतो. पण स्वतः पदार्थ करून विकणारा छोटा उत्पादक, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा यांना परवान्याची गरज नाही. त्यांनी फक्त नोंदणी करायची. २०११ च्या नियमांत छोटा म्हणजे वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला, अशी रेषा आखली होती आणि नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये ठेवली होती. असे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून अर्ज करताना ताजा नियम बघून घ्यायचा. पण फी शंभर आणि एजंट मागतो दोन हजार, अशी तऱ्हा असते. आपल्यातल्या एका शिकलेल्या मुलीने अर्ज कसा भरायचा ते शिकून घेतलं तर गटातल्या सगळ्या बायांचं काम होईल.

आणखी एक गोष्ट. २०११ चे नियम सांगतात की अर्ज दिल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची तर कारण लेखी द्यायचं, किंवा तपासणीची नोटीस द्यायची. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तपासणीच्या नोटिशीनंतर तीस दिवसांत निर्णय झाला नाही, तर छोट्या व्यावसायिकाने धंदा सुरू करावा. म्हणजे अर्जाची पोच जपून ठेवली तर दिरंगाईचा भार तुमच्यावर पडत नाही.

‘तुरुंगात टाकीन’ ही धमकी आपण सर्रास ऐकतो. विनापरवाना धंद्याची शिक्षा कलम ६३ मध्ये आहे. पण ज्यांना फक्त नोंदणी लागते त्यांना त्या कलमातून वगळलेलं आहे. म्हणून नोंदणी करू नका असं मी म्हणत नाही. नोंदणी जरूर करा. पण बिननोंदणीची बाई म्हणजे गुन्हेगार, असं कोणी म्हणालं तर खाली मान घालू नका.

नोंदणी कोणाच्या नावावर?

इथे जरा थांबते, कारण हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. अर्ज भरताना घरातला पुरुष म्हणतो, ‘माझ्या नावावर कर, तुला कुठे ऑफिसात जमणार?’ आणि आपण करतो. पीठ आपण मळायचं, लाटायचं आपण, गच्चीवर चढून उलटायचं आपण, आणि कागदावर धंदा त्याचा. उद्या बँकेत कर्जाला गेलात की मालक तो. घरात बिनसलं आणि बाहेर पडायची वेळ आली की धंदा त्याच्याकडे राहतो, बाईकडे राहतं लाटणं.

नोंदणीच्या प्रमाणपत्राबरोबर फोटो असलेलं ओळखपत्र असतं आणि ते दिसेल असं लावायचं असतं. त्यावर तुमचा फोटो हवा. बाईचं काम हे काम आहे असं सांगणारे कागद आपल्या देशात फार थोडे आहेत. हा त्यातला एक आहे. शेत तिचं नाही, घर तिचं नाही, निदान पापडाचं प्रमाणपत्र तरी तिचं असू दे.

मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायांची हीच कथा होती. शेकडो गिरणी कामगार त्यांच्या हातचं जेवायचे, पण धंदा म्हणून त्याची कुठे गणती नव्हती. भांडवलासाठी सावकाराकडे जावं लागे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिली. आधी नाव आलं, मग पैसा आला.

अधिकारी दारात आला तर

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तुमच्या कामाच्या जागेत येण्याचा, बघण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार आहे. त्याला अडवू नका, ते बेकायदा ठरेल. पण त्याच्यावरही बंधनं आहेत. ती सांगते.

नमुना घेतला तर त्याची नेहमीच्या विक्रीची किंमत त्याने द्यायची असते. फुकट न्यायचा नाही. नमुना घेत असल्याची नोटीस लेखी द्यायची. शक्यतो साक्षीदार समोर ठेवायचे. नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा भाग तुम्ही मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येतं.

जागेत काही उणीव दिसली तर सरळ धंदा बंद करायचा नसतो. कलम ३२ प्रमाणे आधी सुधारणा नोटीस द्यायची, काय चुकलं आणि काय करायला हवं ते लिहायचं, आणि निदान चौदा दिवसांची मुदत द्यायची. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. आणि कारण नसताना, निव्वळ त्रास द्यायला अधिकाऱ्याने माल जप्त केला तर कलम ३९ प्रमाणे त्यालाच एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच कलमात हेही आहे की अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार खोटी निघाली तर तक्रार करणाऱ्याला दंड होतो. म्हणून वही, तारीख, साक्षीदार. रागाच्या भरात तक्रार नको.

हे सगळं फक्त मोठ्यांसाठी आहे असं वाटतं ना? २०१५ साली मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीला म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या त्या कामासाठी मान्यताप्राप्त नव्हत्या, ही त्यातली मुख्य कारणं. कंपनीकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे नाही. पण न्यायालयाने जे तत्त्व सांगितलं, की आधी ऐकून घ्या, मान्य प्रयोगशाळेत तपासा आणि मग निर्णय करा, ते मेहरूणच्या पापडवालीलाही तितकंच लागू आहे.

स्वच्छता आणि सोवळं

आता थोडं अवघड बोलते. तपासणीच्या नियमांत स्वच्छतेची एक यादी आहे. पाणी पिण्याजोगं हवं, कचऱ्याला झाकणाचा डबा हवा, नखं कापलेली, हात धुतलेले, काम करताना तंबाखू नाही, थुंकणं नाही. कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, पिकलेली जखम, कान-डोळ्यांतून स्राव असा आजार असेल तर त्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही. ही यादी मी नीट वाचली आहे. त्यात पाळीचं नाव नाही. आपण मात्र अजून म्हणतो, ‘पाळी आलीय, पापडाला शिवू नको, लाल पडतील.’ कायद्याला जे माहीत आहे ते आपण मानायला तयार नाही. उलट तापाने फणफणलेली बाई मात्र ‘ऑर्डर आहे’ म्हणून पाटावर बसते, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

त्या यादीत जात नाही, धर्मही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मेहरूणमध्ये सगळ्या जातिधर्मांच्या बाया शेजारी शेजारी राहतात. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईने आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. का? तर तिने जात लपवून आमचं सोवळं मोडलं म्हणून. महाराष्ट्रभर निषेध झाला, मग तक्रार मागे घेतली गेली. २०२४ साली उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकांची नावं पाटीवर लिहावीत असा फतवा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न विकता ते सांगा, नाव सांगायची सक्ती नाही, असं न्यायालय म्हणालं.

स्वच्छता हाताची असते, जन्माची नसते. आपल्या गटात कोणी ‘तिच्या हातचे पापड नको’ म्हणाली तर तिला ही यादी वाचून दाखवा. आणि तपासणीच्या नावाखाली एकाच वस्तीत, एकाच समाजाच्या गाड्यांवर धाडी पडायला लागल्या तर गप्प बसू नका. आज तिची गाडी, उद्या तुमची.

नळाची तपासणी कोण करणार?

नियम म्हणतो, पिण्याजोगं पाणी वापरा. बरोबर आहे. पण बाईने ते आणायचं कुठून? नळाला पाणी रोज येत नसेल, हातगाडीच्या आसपास सार्वजनिक नळ नसेल, तर दोन बादल्यांत दिवसभराची भांडी धुवायची म्हटल्यावर भांडी कशी निघणार? नियम म्हणतो, हात धुवा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत गाडीवर उभी राहणारी बाई लघवीला कुठे जाते? ती पाणीच पीत नाही. तुमच्यापैकी किती जणींना मूत्रमार्गाचे आजार झाले असतील ते हात वर करायला मी सांगत नाही, मला माहीत आहे.

महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. पाणीपुरवठा, कचरा उचलणं, गटारं आणि सार्वजनिक शौचालयं ही त्यात आहेत. बंधनकारक म्हणजे जमलं तर करू अशी नव्हेत. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या मोहिमेतून बायांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने उच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महानगरपालिकांना रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधण्याचे निर्देश दिले. मग बाईच्या ताटात माशी बसली म्हणून तिला नोटीस, आणि शेजारची कचराकुंडी चार दिवस भरून वाहते तिला नोटीस कोण देणार? दोन्हीची तपासणी व्हायला हवी. आपली तपासणी नको असं आपण म्हणत नाही. तपासणी पुरी करा, असं आपण म्हणतो.

जागेचंही तसंच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. त्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश बाया हव्यात. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. जप्त केलेल्या मालाची यादी द्यायची. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. आपल्या शहरातल्या समितीवर कोणत्या बाया आहेत हे तुमच्यापैकी कोणाला सांगता येईल? नाही ना? मग पुढच्या बैठकीचं काम ठरलं.

स्वच्छतेच्या नावाने

एक सावधगिरी. स्वच्छतेच्या नावाने बायांना कामातून बाहेर काढायचे प्रकारही होतात. अंगणवाडीच्या पोषण आहाराचं काम ठेकेदारांना न देता गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं होतं. तरी आपल्या राज्यात २०१६ साली घरपोच आहाराच्या निविदा अशा काढल्या की कित्येक प्रकल्पांचे एकत्र मोठे गठ्ठे केले आणि उलाढालीच्या अटी घातल्या. खरा बचत गट त्यात बसणारच नव्हता. बचत गट न्यायालयात गेले. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या. म्हणून नियम बदलतो तेव्हा त्यातून कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, हे आपण बघायला हवं.

पण खाणाऱ्याही आपणच

आतापर्यंत मी आपली बाजू मांडली. आता आपल्याला टोचेल असं बोलते. आपण विकतो तशा विकत घेतोही. आपली पोरंही दुसऱ्या कोणाच्या गाडीवर खातात.

बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं माध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. तेव्हा बातम्यांत आलं होतं की स्वयंपाकिणीला तेलाचा वास वेगळा आला, तिने तसं सांगितलंही, पण तिला रांधायला सांगितलं गेलं. ही गोष्ट मला विसरता येत नाही. तिचं नाक बरोबर होतं. पण तिच्या नाकाला अधिकार नव्हता. चूल बाईच्या हातात, पण ‘हे तेल मी कढईत घालणार नाही’ असं म्हणायची मुभा तिला नव्हती.

अन्नाची खरी तपासणी रोज बाईच करते. धान्य हातात घेऊन, वास घेऊन, जिभेवर ठेवून. वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याला जे दिसणार नाही ते तिला रोज दिसतं. मग तीच बाई शेवेला पिवळाधमक रंग यावा म्हणून मेटॅनिल येलोसारखा बंदी असलेला रंग टाकते, काळं झालेलं तेल तिसऱ्या दिवशी पुन्हा तापवते, भजी वर्तमानपत्रात बांधून देते, तेव्हा ती स्वतःच्याच ज्ञानाशी दगा करते. वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते. २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांनी त्यात बांधायला मनाई केली आहे. ‘गरीब आहोत’ हे याचं उत्तर नाही. आपलं गिऱ्हाईकही गरीबच आहे.

लिज्जत पापडचं उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पीठ केंद्रावर मळायचं, पापड घरी लाटायचे. पण बहीण म्हणून घेताना तिच्या घरी पापड लाटायला, वाळवायला स्वच्छ जागा आहे का हे बघतात. नसेल तर तिला हाकलत नाहीत, केंद्रावर पीठ मळायचं, पॅकिंगचं काम देतात. बायांनी बायांची केलेली तपासणी अशी असते. त्यात चूक दिसते तेव्हा मार्गही दिसतो.

काय करायचं

उद्यापासून करता येतील अशी कामं सांगते आणि थांबते.

प्रत्येक गटाने एक वही घालावी. कोण आलं, कोणत्या खात्याचं, काय म्हणालं, काय नेलं, तारीख, वेळ.

महिन्यातून एकदा आपणच एकमेकींच्या चुली आणि गाड्या बघायच्या. पाण्याचं भांडं झाकलेलं आहे का, तेल किती वेळा वापरलं, पाकिटावर वजन, तारीख, नोंदणीचा चौदा आकडी नंबर आहे का. भांडण न करता.

नोंदणी प्रत्येकीने स्वतःच्या नावाने करायची. ज्यांची नवऱ्याच्या नावावर झाली आहे त्यांनी घरी बोलायला सुरुवात करायची. लगेच जमणार नाही, पण बोलायचं.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. विचारायचं की गेल्या वर्षी जिल्ह्यात किती मोठ्या हॉटेलांची, किती मिठाईवाल्यांची, किती तेल गिरण्यांची आणि किती हातगाड्यांची तपासणी झाली? किती नमुने घेतले, किती नापास झाले, पुढे काय झालं? म्हणजे तपासणीचा बडगा कोणावर पडतो ते आकड्यांत दिसेल. पालिकेलाही विचारायचं, या वॉर्डात सार्वजनिक नळ किती, बायांची शौचालयं किती, त्यातली चालू किती?

आणि शेवटचं. विकत घेतलेल्या पदार्थाविषयी शंका आली तर कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक तो अन्न विश्लेषकाकडून फी भरून तपासून घेऊ शकतो. मात्र तसं करणार हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. पदार्थ कायद्याविरुद्ध निघाला तर फी परत मिळते. म्हणजे तपासनीस होण्याचा अधिकार कायद्याने तुम्हालाही दिला आहे.

१९७२ च्या सुमाराला महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांना तेलाचा भाव कळत होता, कारण रोज संध्याकाळी तेलाची बाटली त्यांच्याच हातात असायची. आपल्यालाही आपल्या कामातलं कळतं. ते मांडायला शिकू या. पुढच्या महिन्यात वह्या घेऊन या, आणि पथविक्रेता समितीवर कोण आहे ते शोधून या. चर्चा तिथून सुरू करू.